बाल्साची पेन्सिल, खारेपाटातला जिताडा: लुअर बनवण्याच्या नोंदी

20 जानेवारी 2024, शनिवार

बाल्सा आला, म्हणजे ते फार हलकं लाकूड. मॉडेल विमानं बनवणाऱ्यांच्या दुकानातून तीन पट्ट्या मागवल्या होत्या: 10 मिमी जाड, 100 मिमी रुंद, 90 सेंमी लांब. कुरिअरवाल्याने खोका हातात देताना दोनदा विचारलं, आत काही आहे ना?

काय बनवायचं ते आधीच लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभरात गाडी भलतीकडे जाते. खाडीत पाण्याच्या वरच्या अंगाने चालणारा लुअर, म्हणजे गऱ्या लावलेला खोटा मासा, जिताडा या माशासाठी. तांबोशी लागली तर नाही म्हणणार नाही. आकार दोनच. एक पेन्सिल, म्हणजे तोंड निमुळतं, कसलंही पातं नाही, रॉडच्या झटक्यांवर डावी-उजवीकडे मान वळवत येणारी. दुसरा पॉपर, तोंडाला वाटीसारखी खाच असलेला, ओढला की ‘बुडुक’ करून पाणी उडवणारा. दुकानातली बरी जपानी पेन्सिल हजाराच्या वर जाते आणि तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळात अडकली की भरतीच्या तोंडावर तिचा नाद सोडावा लागतो.

गाव मामाचं, रायगडच्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीच्या अंगाला. कापाकापी पनवेलच्या बाल्कनीत, चाचणी गावाला.

21 जानेवारी, रविवार

तिन्ही पट्ट्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. मापं एकसारखी, वजनं मात्र 112, 148 आणि 190 ग्रॅम. म्हणजे एका घन सेंटिमीटरला साधारण 0.12 पासून 0.21 ग्रॅमपर्यंत. बाल्साचं हे असंच असतं. झाड भराभर वाढतं, एकाच खोडात आतलं-बाहेरचं लाकूड वेगळं निघतं. जगातला बराचसा बाल्सा इक्वेडोरहून येतो, आणि 2020 च्या सुमारास पवनचक्क्यांच्या पात्यांत भरायला त्याची इतकी उचल झाली की मॉडेलवाल्यांना तो मिळेना. आपण तीन पट्ट्यांचे गिऱ्हाईक, आपल्याला कोण विचारतो.

सगळ्यात हलकी पट्टी बाजूला ठेवली. तिच्यात नख सहज रुततं. जिताड्याच्या तोंडात ती टिकायची नाही. पेन्सिलीला मधली, पॉपरला जड.

27 जानेवारी

त्या त्या पट्टीचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवून 20 मिमीची जाडी करायची, आणि चिकटवण्याआधी मध्ये तार ठेवायची. सगळा भरवसा या तारेवर. सागवानाला किंवा शिवणीला डोळ्याचा स्क्रू पिळून बसवला तर धरतो. बाल्सात तो ओल्या मातीत खिळा ठोकावा तसा बसतो आणि तसाच निघतो. म्हणून तोंडापासून शेपटीपर्यंत एकच अखंड स्टेनलेस स्टीलची तार, 1 मिमीची. तोंडाला फास, पोटाला फास, शेपटीला फास. लाकूड फुटून पाण्यात विरघळलं तरी मासा आणि दोरी यांच्यात पोलाद राहतं.

पुठ्ठ्याचा साचा कापला. पेन्सिल 10 सेंमी लांब, सगळ्यात जाड जागी 18 मिमी, आणि ही जाड जागा मध्यावर नाही, शेपटीकडे थोडी सरकलेली. पॉपर 8 सेंमी, तोंड 20 मिमी. आतल्या बाजूंना सुरीच्या टोकाने तारेसाठी चर ओढले, त्यात तार बसवली, वर अराल्डाइट. पाच मिनिटांत सुकणारा नको, रात्रभर घेणाराच घेतला. कपड्यांच्या चिमट्यांनी आवळून ठेवलं. घरातले सगळे चिमटे संपले, त्यावरून बोलणी बसली.

28 जानेवारी

सकाळी चिमटे परत केले. हॅकसॉच्या पात्याने आकार कापले. मग चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचा गोल. हे सुतारकामातलं जुनं तंत्र आहे, कोपरे चारही बाजूंनी सारखे तासत गेलं की डोळ्याला गोल सापडतो. बाल्साला रंधा नको, पटाशीही नको, नवं ब्लेड घातलेला कटर आणि पॉलिश पेपर पुरतो. आधी 80 नंबर, मग 150, 220. 80 नंबरला हात जरा जड पडला की दोन मिलिमीटर गायब होतात, म्हणून तो फक्त कोपरे मारायला.

भुसा फार बारीक उडतो. तोंडाला मास्क, आणि बाल्कनीच्या खाली ज्यांचे कपडे वाळत असतात त्यांना आधी सांगणं.

पॉपरच्या तोंडाची खाच गोल कानशीने. तार तोंडाच्या मधोमध बाहेर येते, तिला सांभाळत खाच करायची म्हणजे दाताच्या डॉक्टरचं काम.

3 फेब्रुवारी

सीलर. फर्निचरवाले वापरतात तो एनसी सँडिंग सीलर थिनर घालून पातळ केला आणि लुअर त्यात बुडवून टांगले. पहिला थर बाल्सा पिऊनच टाकतो, आणि लव उभी राहते. 320 ने घासून दुसरा. असे थर लाकूड पिणं बंद करेपर्यंत.

कोरडा बाल्सा पाणी कसा पितो याचा विचार करताना थोर हेयरडाल या नॉर्वेजियन प्रवाशाचा बाल्साच्या ओंडक्यांचा तराफा आठवला. 1947 साली कोन-टिकी पेरूहून निघाला आणि 101 दिवसांनी पॉलिनेशियातल्या रारोइआच्या प्रवाळावर आदळला, तोवर तरंगत राहिला. त्याचे ओंडके वाळवलेले नव्हते. इक्वेडोरच्या जंगलातून ताजे तोडलेले, रस भरलेले होते, आणि त्या रसामुळेच समुद्राचं पाणी आत शिरलं नाही असं त्या लोकांचं मत होतं. आमच्या पट्ट्या भट्टीत वाळवलेल्या. रसाची जागा सीलरने भरायची.

4 फेब्रुवारी

दुपारी लावलेल्या थराला बारीक फोड आले. कारण सरळ आहे. लाकडात हवा कोंडलेली असते. ऊन चढलं की ती फुगते आणि ओल्या थरातून वाट काढते. संध्याकाळी लावलं तर उलट होतं, गारव्याने आतली हवा आकसते आणि सीलर आत ओढला जातो. फोड घासून काढले. इथून पुढे सगळे थर दिवे लागणीनंतर.

10 फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस वजनाचा. गावाला आलो, मामाच्या पडवीत निळं पिंप भरून घेतलं.

हिशेब असा. पेन्सिल पूर्ण बुडवली तर साधारण 16 ग्रॅम पाणी बाजूला सारते. तिचं लाकूड अडीच-पावणेतीन ग्रॅम. तार दीड. दोन तीन-काटी गऱ्या आणि त्यांच्या कड्या मिळून चार. पुढे लागणारा रंग आणि वरचा लेप यांचे दीड धरले. बेरीज दहाच्या आत. म्हणजे शिसं न घालता ही पेन्सिल पाण्यावर बदकासारखी उंच बसणार. लांब फेकायला हलकी, वाऱ्यात भरकटणार, झटका दिला तर वळायच्या ऐवजी उडी मारणार.

गऱ्या रबरबँडने लटकावल्या आणि पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, शिशाच्या गोळ्या ठोकून चपट्या करून बाहेरून टेपने चिकटवत गेलो. भोक पाडण्याआधी जागा नक्की करायला याहून सोपा उपाय नाही. तीन ग्रॅम पोटाच्या मध्यावर: आडवी तरंगते, ओढली की सरळ येते, वळायचं नाव नाही. तेच तीन ग्रॅम शेपटीकडे: तोंड वर, शेपूट खाली, अंदाजे 30 अंश. बोटाने नाकाला टिचकी मारली की मान फिरवते आणि थोडी घसरत जाते. आणखी मागे, अगदी टोकाला: जवळजवळ उभी राहते, जागच्या जागी डुलते पण पुढे सरकत नाही.

मधलं ठेवलं. अमेरिकेत मिशिगनमधल्या हेडन कंपनीने लाकडी झारागोसा 1920 च्या दशकात विकायला काढली, पुढे तीच प्लास्टिकमध्ये झारा स्पूक म्हणून गाजली. या चालीची सगळी पेन्सिल मंडळी तिचीच नातवंडं. तिलाही ना पातं, ना पंखा. जे काही आहे ते शेपटीकडच्या वजनात आणि ढिल्या दोरीत.

मामा पिंपाशी येऊन उभा राहिला. “विटी-दांडू खेळायला आणलंस काय रे हे?” मग थोडा वेळ बघत बसला आणि म्हणाला, “फार वर बसतंय.” मी म्हटलं, तरंगणाराच बनवतोय. “तरंगू दे की. पण बोय काय पाण्याच्या वर बसते काय? पाठ तेवढी दिसते तिची.” बोय म्हणजे खाडीतला मासा.

11 फेब्रुवारी, रविवार

मामाच्या घरासमोर तलाव आहे, खारेपाटात बऱ्याच घरांपुढे असतो तसा. पावसाळ्यात पकडलेली जिताड्याची पिल्लं त्यात सोडायची, छोटी मासळी खाऊन ती मोठी होतात, आणि जावई आला की जाळं पडतं. आत्ता त्यात पाच-सहा तरी बरे आहेत असं मामा म्हणतो. माझ्यासाठी याहून चांगली प्रयोगशाळा नाही. अट एकच, गऱ्या लावायच्या नाहीत. गऱ्यांच्या जागी तेवढ्याच वजनाचे स्टीलचे नट दोऱ्याने बांधले. नुसत्या गऱ्या काढल्या असत्या तर बैठक बदलली असती आणि चाचणीला अर्थ उरला नसता.

सूर्य कलल्यावर सुरुवात केली. कालच्या बैठकीचीच पेन्सिल, म्हणजे अजून बरीच उंच. झटका, ढील, झटका, ढील. पलीकडच्या काठाच्या सावलीतून एक पाठ आली, मागे मागे आली, आणि मी थांबलो तेव्हा खालून ‘भॉक’ असा आवाज झाला. जिताड्याचा तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. पाणी फुटलं, पेन्सिल हातभर वर उडाली आणि बाजूला पडली. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी लक्ष देऊन पाहिलं. मासा चुकत नव्हता. जिताडा चावून धरत नाही, तो तोंड एकदम उघडतो आणि समोरचं पाणी आत ओढतो, पाण्याबरोबर भक्ष्य आत जातं. पण भक्ष्य पाण्यात असलं तर. पाण्याच्या वर टेकलेलं हलकं लाकूड त्या ओढीत सापडत नाही. उलट माशाच्या डोक्याने पाण्याचा जो फुगवटा येतो, तो त्याला दूर ढकलतो.

पडवीत परत. आणखी दीड ग्रॅम शिसं टेपने, मघाच्या जागेच्या किंचित पुढे, म्हणजे 30 अंशाचा कोन राहील पण अख्खी पेन्सिल खाली जाईल. आता नाक आणि पाठीची एक पट्टी तेवढी वर. ओढताना पाण्यावर न घसरता पाणी कापत येते आणि मागे इंग्रजी व्हीसारखी रेघ सोडते. पुढच्याच फेकीत आत गेली. दोरी ताणली गेली, रॉड वाकला, आणि गऱ्या नसल्यामुळे दोन क्षणांत माशाने थुंकून टाकली. मामा काठावर उकिडवा बसला होता. काही बोलला नाही, फक्त स्वतःसाठी विडी पेटवली.

म्हणजे बाल्सा घ्यायचा तो तरंगतो म्हणून, आणि मग सगळं कसब त्याला जवळजवळ बुडवण्यात. बाल्साची खरी किंमत ही की त्याचं स्वतःचं वजन नगण्य आहे, म्हणून दहा-साडेदहा ग्रॅम कुठे बसवायचे ते मी ठरवतो, लाकूड ठरवत नाही.

17 फेब्रुवारी

पोटाखालून भोकं, 6 मिमीची. मशीन नको, गिरमिटाचं पातं नुसतं बोटांनी फिरवलं तरी बाल्सा जातो. तार मध्यावर आहे, तिला चुकवून दोन भोकं शेपटीकडे, एक पुढे. त्यात शिसं आणि अराल्डाइट, वरून एम-सील, घासून सपाट.

शिसं हाताळून झालं की हात साबणाने धुवायचे, आणि शिसं वितळवायचंच असेल तर ते स्वयंपाकघरातल्या गॅसवर आणि घरातल्या भांड्यात अजिबात नाही. मी वितळवत नाही, पागाच्या गोळ्या ठोकूनच काम भागतं.

पुढच्या भोकाजवळ आणखी एक आडवं भोक ठेवलं. त्यात बॉलपेनच्या नळीचा तुकडा, त्याच्या आत सायकलच्या बेअरिंगचे दोन छर्रे. खाडीचं पाणी गढूळ असतं, वीतभर खालचं दिसत नाही. तिथे मासा आधी ऐकतो आणि अंगाने पाण्याची हालचाल ओळखतो, नजरेचं काम शेवटचं.

24 फेब्रुवारी

रंग. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खालून पाहणाऱ्याला पोट दिसतं आणि आकाशापुढची सावली दिसते. पाठीवरचे ठिपके कोणासाठी? दुकानातल्या लुअरच्या पाठी गिऱ्हाइकाला पटवण्यासाठी असतात. तरी हौस म्हणून एकीला बोयीसारखं केलं: पोट पांढरं, बाजूंना चांदी, पाठ करडी-हिरवी. मच्छरदाणीचा तुकडा घट्ट ताणून वरून स्प्रे मारला की खवले उमटतात. दुसरी पूर्ण काळी. पहाटेच्या उजेडात काळी सावली सगळ्यात ठळक.

चांदीसाठी चॉकलेटची चंदेरी लावली. फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936 मध्ये आपला पहिला लुअर बनवला तेव्हा हेच वापरलं होतं. अंग बुचाचं, वर चॉकलेटची चंदेरी, आणि लेप म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून. बाल्सा त्याच्याकडे नंतर आला. त्याचा लुअर पाण्याखाली पोहणारा, आपला वरचा, पण मंदीच्या दिवसांत घरात जे होतं त्यातून त्याने बनवला हे मला आवडतं. चंदेरी चिकटवताना सुरकुत्या पडतात, चमच्याच्या पाठीने दाबत गेलं की खवल्यांसारख्याच दिसतात.

25 फेब्रुवारी

वरचा लेप, दोन भागांचा एपॉक्सी. ब्रशने लावून तसंच ठेवलं तर पोटाखाली थेंब लोंबतो, म्हणून सुकेपर्यंत लुअर फिरत राहायला हवा. भंगारातल्या मायक्रोवेव्हची तबकडी फिरवणारी मोटर, मिनिटाला 5-6 फेरे, एका फळीवर बसवली. थेट 230 व्होल्टवर चालते, जोडण्या नीट झाकल्या. रात्रभर बाल्कनीत तीन लुअर गोल फिरत होते. शेजारच्यांनी सकाळी विचारलं, कबाब का?

2 मार्च

लेप कडक झाला. वजन केलं: पेन्सिल गऱ्यांसकट 14.1 ग्रॅम, पॉपर 13.4. पेन्सिलीला धरलेल्यापेक्षा थोडं जास्त, लेप जाड बसला म्हणून. पिंपात जेमतेम तरंगते, पण पिंपात गोडं पाणी आहे. खाडीचं खारं पाणी जड, तिथे केसभर वर येईल. चालेल.

10 मार्च, अमावस्या

उधाण. तरीही बघून आलो. पाणी धावत होतं, लुअर टाकला की दोरीला कमान पडते, ढील देता येत नाही, आणि ढील नाही तर पेन्सिल वळत नाही. पॉपर चालला, पण तो प्रवाहात कोणीही चालवेल. उधाणात पाणी बांधाला लागेपर्यंत चढतं आणि मासा तिवरांच्या आत शिरतो, आपण बाहेर. पेन्सिलीसाठी भांग बरी, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती.

17 मार्च, अष्टमी

तिथीला पाऊण गुणायचं, भरतीची वेळ येते. आठ पाऊण सहा. सहाला किनाऱ्यावर भरती, आत खाडीत ती जरा उशिरा. म्हणजे उजाडता उजाडता पाणी थांबतं आणि ऊन येण्याआधी सुकती, म्हणजे ओहोटी, लागते. भांगेचं पाणी, धावपळ नाही.

उभा राहिलो उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशी. सुकती लागली की उघाडीची झडप आपोआप बाहेर उघडते आणि बांधाच्या आतलं पाणी खाडीत पडू लागतं, त्याबरोबर कोळंबी, बारकी बोय, काय काय. जिताडा हे जाणतो. तो धारेत राहत नाही, धारेच्या कडेला, जिथे पाणी उलटं फिरतं तिथे. पेन्सिल धारेच्या पलीकडे टाकून कडेकडेने आणायची.

पहिलं लागलं ते तांबोशीचं पोर, वीतभर. स्वतःच्या लांबीच्या निम्म्या लुअरवर तुटून पडलं होतं. सोडलं. लगेच एक ‘भॉक’, पेन्सिल नाहीशी, रॉड खाली आणि मग ढील. आणून बघतो तर मागच्या गरीचा एक काटा सरळ. गोड्या पाण्याच्या गऱ्या आहेत या, बारीक तारेच्या. लाकूड, तार, लेप, कशालाही ओरखडा नाही.

पाठीवरून आवाज आला, बांधावरून जाणाऱ्या एका आजोबांचा: “कोळंबी लाव की त्याला.”

23 मार्च

गऱ्या बदलल्या. खाऱ्या पाण्याच्या, जाड तारेच्या. एकेक गरी अर्धा-पाऊण ग्रॅमने जड. चौदाच्या वर आधीच होतो, आता पिंपात पेन्सिल थेट बुडाली, मीठ घालूनही वर येईना. दोन रस्ते: शिसं कमी करायचं, म्हणजे एम-सील कोरणं आणि पुन्हा लेप, किंवा पोटाची तीन-काटी काढून फक्त शेपटीला ठेवायची. आधी दुसरा. शेपटीकडे वजन सरकलं, कोन 30 वरून 40 कडे. वळणं आखूड आणि चपळ झाली. हे वाईट नाही, उघाडीजवळ जागा मुळात थोडी असते.

आणखी एक फायदा, माशाच्या तोंडातून गरी काढताना दुसरी गरी आपल्या हातात रुतत नाही.

31 मार्च, वद्य षष्ठी

भरती पहाटे साडेचारच्या पुढे, उजाडताना सुकती जोरात. काळी पेन्सिल. उघाडीच्या उजव्या कडेला, तिसऱ्या-चौथ्या झटक्यानंतर मी जरा जास्त थांबलो, दोरी झाडून घेत होतो, तेव्हाच घेतली. या वेळी पाणी फारसं फुटलं नाही, नुसता खड्डा पडला आणि पेन्सिल त्यात गेली.

धावला तो तिवरांकडे. एकदा उडी मारली, डोकं झाडलं. किनाऱ्याला आणला तेव्हा गरी वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात, पेन्सिल पूर्ण तोंडात. घरच्या काट्यावर पावणेतीन किलो. लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाचा मजबूत तुकडा, 40 पौंडाचा, त्याच्यावर जागोजागी खवले निघाल्यासारखं, कारण जिताड्याच्या गालाची कड ब्लेडसारखी असते. आणखी दोन उड्या मारता तर तुटला असता.

घरी आणला. मामीने डोकं-शेपटीचं कालवण केलं, तुकड्या तळल्या. मोठा जिताडा मात्र, पाच-सहा किलोच्या वरचा, मी सोडणार. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठे म्हणाल ते बहुतेक सगळे माद्या. बाजार नेमका त्यांनाच जास्त भाव देतो.

लुअरची तपासणी: लेपावर दातांच्या जागी खरखरीतपणा, शेपटीच्या फासाजवळ केसाएवढी चीर. गोड्या पाण्यात धुऊन वाळवली, वजन केलं, पाणी प्यायलेली नाही. चिरेत फेव्हिक्विकचा थेंब.

6 एप्रिल

पांगारा. मामाच्या कुंपणाला आहे, लाल फुलं आता सरत आली. गेल्या पावसात पडलेली एक फांदी सरपणाच्या ढिगात वाळत होती. सावंतवाडीची लाकडी फळं पूर्वापार याच लाकडाची. कोरायला मऊ, आणि हलकं. पॉपरचाच आकार कापला. बाल्सापेक्षा भरतो जवळजवळ दुप्पट, पण सागवानापुढे काहीच नाही. तंतू जाड आहेत, कटर ओढताना लव निघते, आणि अधूनमधून काट्याच्या मुळाची गाठ लागते. सीलर मात्र बाल्साइतका पीत नाही.

शिसं जवळपास लागलंच नाही, एक ग्रॅम पोटात, की पॉपर हवा तितका खाली बसला. पॉपरला हे चालतं. त्याला मान वळवायची नाही, जागेवर बसून तोंडाने पाणी ढकलायचंय. पेन्सिलीला नाही चालणार. पांगाऱ्याचं वजन अंगभर सारखं पसरलेलं, आणि पेन्सिलीची चाल येते ती वजन एका जागी गोळा केल्यावर. तेव्हा पेन्सिल बाल्साची, पॉपर पांगाऱ्याचा. पट्ट्या महाग आहेत, हेही आहेच.

14 एप्रिल, शुद्ध षष्ठी

पांगाऱ्याचा पॉपर नेला. आवाज बाल्साच्या पॉपरपेक्षा खोल, ‘बुडुक’पेक्षा ‘डुब’च्या जवळ. दोन तांबोश्या, दोन्ही अर्ध्या किलोच्या आतबाहेर. जिताडा एकदा मागे आला आणि वळला. धारेत पॉपर वारंवार ओढावा लागतो, थांबवता येत नाही, आणि त्याला थांबलेलं हवं असतं. निवळ पाण्यात पुन्हा बघायचं.

मामाने स्वतःहून विचारलं, तलावात काळी पेन्सिल टाकून बघणार का. गऱ्या काढून, म्हटलं. “काढून नको. जावई येतोय शुक्रवारी.”

20 एप्रिल

पुढची खेप कापायला घेतली. बदल लिहून ठेवतो: पेन्सिल 11 सेंमी, जाडी 19 मिमी, म्हणजे जाड तारेच्या दोन गऱ्या पेलतील आणि पोटाची परत लावता येईल. पोटाच्या फासाला कडीऐवजी फिरकी, मासा वेटोळा फिरला तर तार पिळली जाणार नाही. शिसं सगळं शेपटीकडच्या एकाच भोकात. छर्रे एकीत ठेवायचे, एकीत नाही, आणि त्याच उघाडीवर आलटून पालटून चालवायच्या. लीडर 60 पौंडाचा. सगळ्या काळ्या.

जावयाचा जिताडा पेन्सिलीवर आला नाही. शेवटी जाळंच टाकलं.